पाचगणीचा पियानो आणि पहिला क्रमांक

गाण्यांना क्रमांक देण्याची प्रथा भारतीय श्रोत्यांच्या आणि ब्रिटिश ग्राहकांच्या ओळखीची झाली ती एकाच वर्षी, १९५२ मध्ये. रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि लंडनमध्ये तबकड्यांच्या खपावरून गाण्यांचा साप्ताहिक क्रम लावणारी यादी, म्हणजेच ‘चार्ट’, छापली जाऊ लागली. ज्या वाचकांना गीतमालेतील ‘पायदान’ हा शब्द आठवतो, त्यांना चार्ट म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागणार नाही. या यादीत पुढे ज्यांनी मोठे स्थान मिळवले, त्या फ्रेडी मर्क्युरी यांच्या संगीताची सुरुवात मात्र महाराष्ट्रात झाली.

५ सप्टेंबर १९४६ रोजी झांजिबारमध्ये एका पारशी कुटुंबात जन्मलेले फारुख बलसारा, म्हणजेच पुढचे फ्रेडी मर्क्युरी, पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत शिकले आणि १९५८ च्या सुमारास तेथील ‘द हेक्टिक्स’ या विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदात ते पियानो वाजवत असत. मुख्य गायक दुसराच विद्यार्थी होता. हा तपशील किरकोळ नाही, कारण सोबतच्या वादकांमध्ये राहून गाणे घडवण्याची हीच वृत्ती त्यांच्या उत्तम ध्वनिमुद्रणांत दिसते.

१९७० मध्ये स्थापन झालेल्या, मर्क्युरी यांच्या ‘क्वीन’ या रॉक वाद्यवृंदाचा पहिला अल्बम १९७३ मध्ये आला, तर १९७४ मध्ये ‘किलर क्वीन’ ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचले. पुढच्याच वर्षी आलेले ‘बोहेमियन ऱ्हॅप्सोडी’ जवळजवळ सहा मिनिटांचे होते, आणि रेडिओवर तीन-साडेतीन मिनिटांचीच गाणी वाजण्याच्या त्या काळात ते चालणार नाही, अशी भीती व्यक्त झाली होती. मर्क्युरी यांनी पियानोवर रचलेल्या या गाण्यात संथ गीत, ऑपेरा म्हणजे युरोपीय संगीतनाट्याच्या धर्तीचे समूहगान आणि कडक रॉक एकत्र येतात. त्यातील समूहस्वर मर्क्युरी आणि ‘क्वीन’मधील त्यांचे सहकारी ब्रायन मे व रॉजर टेलर या तिघांनीच पुनःपुन्हा गाऊन, एका ध्वनिपट्टीवर दुसरी चढवत उभे केले. हे गाणे ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले, आणि २४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्समुळे उद्भवलेल्या न्यूमोनियाने मर्क्युरी यांचे निधन झाल्यावर तीच ध्वनिमुद्रिका पुन्हा पाच आठवडे तेथे होती. अमेरिकेत १९८० मध्ये ‘क्वीन’ची दोन गाणी पहिली आली, त्यांपैकी एक मर्क्युरी यांचे, तर दुसरे बास गिटारवादक जॉन डीकन यांचे होते.

मर्क्युरी यांची स्वतंत्र कारकीर्द तुलनेने क्षीण ठरली. ‘मिस्टर बॅड गाय’ (१९८५) हा अल्बम ब्रिटनमध्ये सहाव्या स्थानी थांबला. ऑपेरा-गायिका मोन्सेरात काबाये यांच्यासह गायलेले ‘बार्सेलोना’ (१९८७) हे गाणे आठव्या स्थानी पोचले, परंतु कलादृष्ट्या ते या काळातील सर्वांत धाडसी काम आहे, कारण रॉकचा गळा तेथे प्रशिक्षित शास्त्रीय आवाजासमोर न बिचकता उभा राहतो. एकट्याच्या नावावर ब्रिटनमधील पहिला क्रमांक मर्क्युरी यांना मिळाला तो मृत्यूनंतर, १९९३ मध्ये. तेही १९८५ मध्ये फारसे न चाललेल्या ‘लिव्हिंग ऑन माय ओन’ या गाण्याला इतरांनी नवा ताल चढवल्यावर.