खुर्चीतले विमान आणि आकाशातले विमान



मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे असताना अलीकडे एक प्रश्न आम्हाला वरचेवर ऐकू येतो. "मुलगा रोज संगणकावर विमान उडवतो. आता सिम्युलेटरचे क्लासही निघालेत म्हणे. घालावं का? पायलट व्हायचं म्हणतोय." मुलीही हेच म्हणतात, बरं का. प्रश्न पैशांचा आहे आणि थोडा जिवाचाही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी नियम पाहू. इथे अमेरिकेत १६ व्या वर्षी विमान एकट्याने उडवता येते आणि १७ व्या वर्षी खाजगी वैमानिकाचा परवाना मिळू शकतो. 'पार्ट ६१' या नेहमीच्या नियमाने शिकताना त्यासाठी किमान ४० तासांचे उड्डाण लागते. त्यातले किमान २० तास शिक्षकाबरोबर आणि १० तास एकट्याने. प्रत्यक्षात बहुतेकांना ४० तास पुरत नाहीत. एखाद्या फ्लाइंग स्कूलमध्ये एफएएने मान्यता दिलेल्या सिम्युलेटरवर शिक्षकाबरोबर सराव केला, तर या ४० पैकी किती धरावे? अवघे अडीच तास. घरच्या संगणकावरचे हजार तास असले तरी लॉगबुकात त्यांची किंमत शून्य. म्हणून क्लासची फी भरण्यापूर्वी दोनच गोष्टी विचारा: उपकरणाला एफएएची मान्यता आहे का, आणि शिकवणाऱ्याकडे फ्लाइट इन्स्ट्रक्टरचे सर्टिफिकेट आहे का.

सरकार एवढे कंजूष का? याचे उत्तर आपल्या कानात आहे. आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला वळण कळते. पण विमान सावकाश, एकसारखे वळत राहिले तर थोड्या वेळात द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो आणि कान सांगतो, "आपण सरळ चाललोय." मग विमान खरोखर सरळ केले की वाटते आपण उलट्या बाजूला कललो. ढगात किंवा काळोख्या समुद्रावर क्षितिज दिसत नसताना समोरचे यंत्र एक सांगते आणि सगळे शरीर दुसरेच ओरडून सांगते. जुलै १९९९ मध्ये जॉन केनेडी (ज्युनियर) यांचे छोटे विमान रात्री मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ समुद्रात कोसळले आणि तिघे गेले. तपासात कारण निघाले ते याच दिशाभ्रमामुळे ताबा सुटल्याचे. घरच्या खुर्चीत बसून ढगात शिरणे सोपे असते, कारण तिथे यंत्राशी भांडायला शरीर नसतेच.

हलणाऱ्या सिम्युलेटरचे काय, असे कोणी विचारील. त्याचा इतिहास गमतीचा आहे. एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी पहिला गाजलेला ट्रेनर बनवला. घरचा धंदा ऑर्गन बनवण्याचा, त्यामुळे विमान डोलवायला त्यांनी वापरले हवेचे भाते. आपल्या बाजाच्या पेटीचे भाऊबंदच म्हणा ना! आज एअरलाइन्सचे सिम्युलेटर सहा पायांवर उभे असतात. विमान वेग घेतेय असे भासवायचे झाले की ते केबिन हळूच मागे कलवतात, आणि पाठ खुर्चीला टेकल्यावर कान फसतो. म्हणजे ज्या भ्रमाने वैमानिकाचा घात होतो, त्याच भ्रमावर हे यंत्र चालते. दीर्घकाळ टिकणारा खरा जोर, पोटात खड्डा पडणे, अंग जड होणे हे त्याला देता येत नाही.

आणि सिम्युलेटरने चुकीचे शिकवले तर? १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून निघालेले अमेरिकन एअरलाइन्सचे ५८७ क्रमांकाचे विमान पुढच्या विमानाने ढवळलेल्या हवेत सापडले. सहवैमानिकाने रडर डावी-उजवीकडे इतक्या जोराने मारले की शेपटीचा उभा पंखा तुटला. जमिनीवरच्या ५ जणांसह २६५ माणसे गेली. चौकशीत त्या विमानाच्या रडरच्या रचनेबरोबर कंपनीच्या प्रशिक्षणावरही बोट ठेवले गेले. तिथल्या एका सिम्युलेटर सरावात विमान खूप कलंडेपर्यंत वैमानिकाचे नियंत्रण काही क्षण मुद्दाम निष्प्रभ केले जाई. त्यामुळे अशा हवेचा परिणाम असतो त्याहून फार मोठा वाटण्याची शक्यता होती. ही तर अनुभवी वैमानिकांची आणि महागड्या यंत्राची गोष्ट.

आपल्या मुलांच्या सवयी साध्या असतात, पण मोडायला वेळ लागतो. पडद्यावर खेळणारा मुलगा नजर घड्याळांवरच खिळवून ठेवतो. खऱ्या विमानात बाहेर पाहायचे असते, कारण समोरून दुसरे विमान येत असते. मग शिक्षक घड्याळे झाकून ठेवतात. पायाखाली पेडल नसेल तर संगणक रडर स्वतःच सांभाळतो. सेसना १७२ मात्र वर चढताना नाक डावीकडे वळवते आणि उजवा पाय लागतोच. टाकीतून थोडे पेट्रोल काढून त्यात पाणी नाही ना हे पाहणे, कंट्रोलरचे भरभर बोलणे ऐकून उत्तर देणे, आणि हवा बरी नाही म्हणून आज उडायचे नाही असे ठरवणे, हे सगळे धावपट्टीच्या आधीचे धडे आहेत. आकाशात पॉजचे बटण नाही.

याचा अर्थ संगणक काढून घ्या असा मुळीच नाही. चेकलिस्ट पाठ करणे, यंत्रे ओळखणे, विमानतळाचा नकाशा समजणे यासाठी तो उत्तम. पुढे केवळ यंत्रांवर उडण्याचे 'इन्स्ट्रुमेंट रेटिंग' घेताना मान्यताप्राप्त प्रगत ट्रेनरवरचे २० तासांपर्यंत धरतात, कारण तिथे काम पद्धतीचे आणि डोक्याचे जास्त. उड्डाण करताच इंजिनला आग लागली तर काय करायचे, हे खऱ्या विमानात शिकवताच येत नाही. ते सिम्युलेटरवरच शिकावे.

तेव्हा क्लासचे मोठे पॅकेज घेण्याआधी मुलाला जवळच्या छोट्या विमानतळावर एका ओळखीच्या उड्डाणाला घेऊन जा. बहुतेक फ्लाइंग स्कूल 'डिस्कव्हरी फ्लाइट' देतात. शिक्षक शेजारी असतो आणि थोडा वेळ विमान मुलाच्या हाती देतो. शक्यतो सकाळची वेळ घ्या, तेव्हा हवा शांत असते. आणि त्या दिवशी पोहे जरा कमीच वाढा.