खडकबागेसाठी पसरणारी जांभळी घाणेरी

विहिरीच्या खोदकामातील दगड, बांधावरचे गोटे, घरामागचा मुरमाड उतार अशा जागी हिरवळ जगत नाही. तेथे खडकबाग करून जांभळी घाणेरी लावावी. शास्त्रीय नाव लॅन्टाना मॉन्टेव्हिडेन्सिस. जुने रोपवाटिकाधारक तिला सेलोवियाना म्हणतात. मूळ दक्षिण अमेरिकेतील हे झुडूप सदाहरित असून फूट-दीड फूट उंच राहते, फांद्या मात्र दगडांवरून मीटरभर पसरतात. भरपूर ऊन मिळाल्यास जवळजवळ वर्षभर फुले येतात. सावलीत नुसता पाला वाढतो.

दगड मांडताना प्रत्येक दगडाचा एक तृतीयांश भाग जमिनीत गाडावा व वरची बाजू किंचित मागे, उताराकडे कलती ठेवावी, म्हणजे पावसाचे पाणी मुळांकडे वळते. दोन दगडांमध्ये ३० सें.मी. खोल खळगा ठेवून त्यात पोयटा माती दोन भाग, जाड वाळू एक भाग व कुजलेले शेणखत एक भाग भरावे. निव्वळ काळी माती भरू नये. पावसाळ्यात ती पाणी धरते आणि मुळे कुजतात.

अभिवृद्धी छाट कलमाने करावी. जून-जुलैमध्ये अर्धपक्व फांदीचे १० ते १२ सें.मी. लांबीचे तुकडे घेऊन खालची पाने काढावीत व ओलसर वाळूत लावावेत. तीन ते चार आठवड्यांत मुळ्या फुटतात. लागवडीचे अंतर ४५ ते ६० सें.मी. ठेवावे. पहिला महिना एक दिवसाआड पाणी द्यावे, नंतर हिवाळ्यात आठवड्याने पुरते. युरिया देण्याचा मोह टाळावा. नत्र जास्त झाले की फुले घटतात. मे अखेर एक तृतीयांश छाटणी करावी. पानांमागे पांढरी माशी दिसल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. रोपे घेताना रानातली घाणेरी गळ्यात पडू देऊ नका. ती उभी वाढते, फांद्या काटेरी असतात आणि एकाच गुच्छात पिवळी-नारिंगी-गुलाबी फुले दिसतात. तिच्या पाल्यातील लॅन्टाडीन या विषाने जनावरांचे यकृत बिघडते, कावीळ होते, उन्हात कातडी सोलते. जांभळी घाणेरी तिच्याच वंशातील असल्याने तिचीही छाटणी गोठ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये, वाळवून जाळावी. शेळ्या मोकळ्या फिरत असतील तर कुंपण हवेच.

ही वेलही अगदी निरुपद्रवी नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये ती चराऊ रानात तण म्हणून पसरली आहे. फळे धरताना दिसल्यास पिकण्यापूर्वीच खुडावीत, कारण पक्षी बी दूर नेतात. ओढ्याकाठी किंवा गायरानालगत तर लागवड करूच नये. विक्रीसाठी रोपे करणाऱ्यांनी फळे न धरणारी मातृझाडे निवडून छाट कलमे त्यांचीच घ्यावीत.