रत्न आणि रत्नपारखी

दि. ९ ऑगस्ट १९८८ रोजी कॅनडातील एडमंटन शहरात एक सौदा जाहीर झाला. विकला गेला होता एक माणूस. त्याचे नाव वेन ग्रेट्झ्की, वय सत्तावीस. बर्फावरील हॉकीत त्याच्या तोडीचा खेळाडू तोवर झाला नव्हता. एडमंटन ऑइलर्स या त्याच्या संघाने पाच वर्षांत चार वेळा स्टॅन्ली करंडक जिंकला होता. पत्रकारांसमोर बोलताना त्याला अश्रू आवरेनात. सरकारने हा व्यवहार रोखावा, अशी मागणी एका विरोधी खासदाराने केली. खरेदीदार होता अमेरिकेतील लॉस एंजेलिस किंग्ज हा संघ. ग्रेट्झ्की आणि त्याच्या दोन साथीदारांच्या बदल्यात त्याने दीड कोटी डॉलर रोख, दोन तरुण खेळाडू आणि पुढील वर्षांतील पहिल्या फेरीच्या तीन निवडींचे हक्क दिले.

आपल्याकडे हॉकी म्हटले की ध्यानचंद आठवतात आणि हिरवे मैदान डोळ्यांसमोर येते. बर्फावरील हॉकी निराळी. त्यात प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहाच खेळाडू एका वेळी उतरतात आणि वेग इतका असतो की पाऊण मिनिटात दम लागतो. खेळ न थांबवता दमलेले खेळाडू बाहेर येतात, ताजे आत जातात. साठ मिनिटांच्या सामन्यात सर्वश्रेष्ठ आघाडीवीरसुद्धा साधारण बावीस मिनिटेच खेळतो. क्रिकेटचा फलंदाज दिवसभर खेळपट्टीवर उभा राहू शकतो. येथे ते संभवतच नाही. दुकान बारा तास उघडे आणि सर्वांत हुशार विक्रेता जेमतेम साडेचार तास गादीवर, असा हा प्रकार आहे. उरलेल्या वेळी गादीवर कोण बसेल, हे ठरवणाऱ्या माणसाला तेथे जनरल मॅनेजर, म्हणजे महाव्यवस्थापक म्हणतात. प्रशिक्षक वेगळा असतो. महाव्यवस्थापकाचे काम खेळाडू हेरण्याचे, निवडण्याचे, विकण्याचे, विकत घेण्याचे आणि त्यांच्याशी वेतनाचे करार करण्याचे. संघाचा विजय अखेर कोणामुळे होतो, महाव्यवस्थापकामुळे की महानायकामुळे, हा वाद तेथील प्रेक्षकांत कायम रंगतो.

ग्रेट्झ्कीची विक्री हा त्या वादातील सर्वांत बोलका दाखला आहे. निर्णय मालक पीटर पॉकलिंग्टन यांचा होता. त्यांच्या अन्य उद्योगांना रोकड हवी होती. महाव्यवस्थापक ग्लेन सेथर यांच्या मनात ही विक्री नव्हती. रोकड मालकाकडे गेली आणि सेथर यांच्या हाती राहिला तो बदल्यात आलेला माल. त्याचे त्यांनी काय केले, हे खतावणी वाचावी तसे वाचण्यासारखे आहे. आलेल्या दोन तरुणांपैकी जिमी कार्सन एडमंटनमध्ये रमला नाही. नोव्हेंबर १९८९ मध्ये सेथर यांनी त्याला डेट्रॉइटला देऊन ॲडम ग्रेव्ह्ज, जो मर्फी आणि पेत्र क्लिमा यांना आणले. ग्रेव्ह्ज, मर्फी आणि लॉस एंजेलिसहून आलेला मार्टिन जेलिना यांची एक नवी तुकडीच तयार झाली. मे १९९० मध्ये ऑइलर्स पुन्हा अंतिम फेरीत पोहोचले. बॉस्टनविरुद्धचा पहिला सामना तिसऱ्या जादा सत्रापर्यंत लांबला, तेव्हा विजयी गोल केला क्लिमाने. मालिकेचा मानकरी ठरला गोलरक्षक बिल रॅनफर्ड, आणि त्याला सेथर यांनी दोन वर्षांपूर्वी त्याच बॉस्टनकडून घेतले होते. एडमंटनने पाचवा करंडक ग्रेट्झ्कीवाचून जिंकला. ग्रेट्झ्की १९९३ मध्ये लॉस एंजेलिसला अंतिम फेरीपर्यंत घेऊन गेला, तेथे मॉन्ट्रियलकडून हरला, आणि १९९९ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच्या हाती करंडक पुन्हा आला नाही.

म्हणजे निकाल महाव्यवस्थापकाच्या बाजूने? अनेकांताची शिकवण मिळालेल्या वाचकाला येथे थांबावेसे वाटेल, आणि थांबायलाच हवे. सेथर १९९० नंतरही दहा वर्षे एडमंटनमध्येच होते. मालकाला पैसा पुरेना, तशी जुनी मंडळी एकेक करून विकली गेली. कर्णधार मार्क मेसिए १९९१ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सकडे गेला आणि तीन वर्षांत त्याने तेथे करंडक आणला. सेथर यांना तो पुन्हा मिळाला नाही. २००० मध्ये ते स्वतः रेंजर्सचे महाव्यवस्थापक झाले. तेथे पैशाला तोटा नव्हता, खेळाडूंच्या वेतनावर सर्वाधिक खर्च करणाऱ्या संघांत त्याची गणना होई. पंधरा वर्षे त्यांनी तो कारभार पाहिला, करंडक नाही. माणूस तोच, नजरही तीच. मग बदलले काय? १९७९ ते १९८१ या तीन वर्षांत सेथर आणि त्यांचे मुख्य निरीक्षक बॅरी फ्रेझर यांनी तरुणांच्या निवडीत लो, मेसिए, अँडरसन, कॉफी, कुरी आणि फ्यूर असे सहा खेळाडू वेचले. सहाही जण पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. अँडरसन आणि कुरी तर त्या त्या वर्षी ६९ व्या क्रमांकावर मिळाले होते. याच कार्यालयाने १९९० मध्ये निवडलेल्या तरुणांपैकी मात्र एकही पुढे नॅशनल हॉकी लीगचा एकसुद्धा सामना खेळला नाही. पारख ही कायमची ठेव नसते, हे सराफ बाजारातील अनुभवी माणसाला सांगावे लागणार नाही.

महानायकाचे मोल करंडकांत मोजणेही अपुरे आहे. ग्रेट्झ्कीने कॅलिफोर्नियाच्या उन्हात बर्फाच्या खेळाची बाजारपेठ उभी केली. १९९१ मध्ये सॅन होजे आणि १९९३ मध्ये अनाहाइम येथे नवे संघ आले; १९८८ मध्ये एकवीस संघांची असलेली लीग आज बत्तीस संघांची आहे. कोणत्याही महाव्यवस्थापकाला पाहण्यासाठी लोक तिकीट काढत नाहीत. झगमगाटाची दुसरी बाजूही याच सौद्यात दिसते. ग्रेट्झ्कीला विकत घेणारे किंग्जचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी पुढे बँकांना २३ कोटी ६० लाख डॉलरना फसवल्याची कबुली दिली आणि सत्तर महिन्यांची शिक्षा भोगायला ते तुरुंगात गेले. महानायकाच्या शेजारी बसलेल्या कर्जदाराचा ताळेबंद कोणी फारसा बारकाईने वाचला नसावा.

२००४-०५ चा संपूर्ण हंगाम वेतनाच्या वादात रद्द झाला आणि त्यानंतर तराजू बदलला. प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा आली. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती, २०२५-२६ साठी ९ कोटी ५५ लाख आहे. आता श्रीमंत मालकालाही जास्त खर्चता येत नाही; एकाला जे द्यावे ते दुसऱ्याच्या ताटातून काढावे लागते. मोजक्या भांडवलात माल भरण्याचे कसब येथे खरे कसाला लागते.

याची परीक्षा पुन्हा एडमंटनमध्येच झाली. २००६ नंतर सलग दहा हंगाम हा संघ बाद फेरीत पोहोचला नाही. दुर्बळ संघाला आधी निवड देण्याच्या पद्धतीमुळे सहा वर्षांत चार वेळा पहिली निवड त्याच्या वाट्याला आली. २०१५ च्या चौथ्या वेळी सोडतीतून कॉनर मॅकडेव्हिड मिळाला, आजच्या काळातील सर्वांत तेजस्वी खेळाडू. २०२४ मध्ये त्याने संघाला अंतिम फेरीत नेले आणि हरूनही बाद फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. समोर होता फ्लोरिडा पँथर्स. त्याचे महाव्यवस्थापक बिल झिटो पूर्वी खेळाडूंचे प्रतिनिधी म्हणून करार करीत. दुसऱ्या संघाने यादीतून सोडलेला गुस्ताव फोर्सलिंग त्यांनी काहीही न देता उचलला. टँपाने करार न वाढवलेला कार्टर व्हेरहेगी घेतला. कॅलगरीत मागे पडलेला सॅम बेनेट आणला. त्यांचे खरे धाडस २०२२ चे. त्या हंगामात ११५ गुण मिळवणारा आपला लाडका जोनाथन ह्यूबरडो, एक भक्कम बचावपटू, एक तरुण आणि पहिल्या फेरीची एक निवड त्यांनी कॅलगरीला दिली आणि त्याबदली मॅथ्यू काचकला आणले. साखळीत अव्वल आलेल्या संघाचा नायक विकण्याची छाती फार थोड्यांना असते. फ्लोरिडाने २०२४ ची अंतिम मालिका सातव्या सामन्यात २-१ अशी जिंकली. २०२५ मध्ये पुन्हा एडमंटनच समोर आला आणि सहा सामन्यांत हरला. त्या वेळी बाद फेरीचा मानकरी होता बेनेट.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मॅकडेव्हिडने नवा करार केला. लीगच्या नियमानुसार एका खेळाडूला मर्यादेच्या वीस टक्क्यांपर्यंत वेतन घेता येते. २०२६-२७ साठी १० कोटी ४० लाखांची मर्यादा धरली, तर त्याला वर्षाला सुमारे २ कोटी ८ लाख डॉलर मागता आले असते. त्याने जुनेच १ कोटी २५ लाख कायम ठेवले, आणि तेही दोनच वर्षांसाठी. उरलेले पैसे साथीदारांसाठी मोकळे राहिले. ते कोठे गुंतवायचे हे आता एडमंटनच्या महाव्यवस्थापकांच्या हाती आहे, आणि मुदत २०२८ च्या उन्हाळ्यात संपते.