नौकेचे धातुभाग आणि आम्लाचा सुरक्षित वापर

जून महिना लागला की कोकण किनाऱ्यावरील मासेमारी बंदरांचे रूप पालटते. सातपाटी, अर्नाळा, हर्णै, मिरकरवाडा, मालवण, वेंगुर्ले अशा ठिकाणच्या यांत्रिक नौका किनाऱ्याला लागतात, काही वाळूवर ओढून शाकारल्या जातात, आणि मासेमारी बंदीच्या या काळात वर्षभराची दुरुस्ती हाती घेण्यात येते. जाळी विणणे, फळ्यांच्या सांधी भरणे, इंजिन उतरवून तपासणे ही कामे नारळी पौर्णिमेपूर्वी उरकावयाची असतात. याच घाईत आणखी एक काम केले जाते, ज्याची फारशी वाच्यता होत नाही. ते म्हणजे पंखा, त्याचा दांडा, सुकाणूचे पाते, नांगर, साखळ्या आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या नळ्या यांची आम्लाने केलेली सफाई.

हे आम्ल बहुधा फरशी आणि संडास धुण्यासाठी मिळणारे हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते स्वस्त आहे, गावात मिळते आणि कवचांच्या थरावर ओतताच फसफसून काम दाखविते. परंतु त्याच डब्यातील आम्लाने एखाद्या खलाशाचा डोळा जाऊ शकतो आणि हजारो रुपयांचा पंखाही निकामी होऊ शकतो. या दोन्ही हानींचे मूळ एकच आहे. समोर घाण कोणती आणि तिच्याखाली धातू कोणता, याचा विचार होण्यापूर्वीच डब्याचे बूच उघडले जाते.

घाण तीन प्रकारची

खाऱ्या पाण्यात महिनोन्महिने राहिलेल्या धातूवर जे साठते ते सर्व एकाच जातीचे नसते. पंख्याला व दांड्याला चिकटणारे बार्नेकल आणि नळीसारखी घरे बांधणारे कृमी यांची कवचे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे चुनखडीच्याच द्रव्याची असतात. आम्ल पडताच त्यांतून कर्बवायू सुटतो व कवच विरघळू लागते. अंड्याचे टरफल शिरक्यात बुडवून शिक्षकांना हीच क्रिया वर्गात दाखविता येईल. दुसरी घाण म्हणजे पोलादावरील व बिडावरील गंज. तो लोखंडाचा ऑक्साइड असल्याने चुन्याच्या मानाने पुष्कळच सावकाश विरघळतो. तिसरा तांब्या-पितळेवर चढणारा हिरवा कळंक.

कळंकाशी व्यवहार करण्याचे शास्त्र कोकणातील घराघरांत पूर्वापार चालत आलेले आहे. तांब्याची घागर आणि पितळेची समई चिंचेने किंवा आमसुलाने घासली जाते, ती त्यांतील सौम्य आम्लांमुळेच उजळते. कोणतीही गृहिणी समई रात्रभर चिंचेच्या कोळात बुडवून ठेवीत नाही, आणि घासल्यावर लगेच भरपूर पाण्याने धुऊन कोरडी पुसते. सौम्य आम्ल, थोडा वेळ, भरपूर पाणी, लगेच कोरडे करणे, एवढे जरी बंदरावर पाळले गेले तरी निम्मे नुकसान टळेल.

धातू ओळखावा

आम्ल कवच संपले म्हणून थांबत नाही. कवचाखालचा धातू जसा असेल तसे ते त्याच्याशी वागते.

नौकांचे पंखे बहुधा काशाच्या किंवा पितळेच्या जातीच्या मिश्रधातूंचे असतात. पितळेत तांब्याबरोबर जस्त असते, आणि व्यवहारात ‘मँगनीज ब्रांझ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धातूतही जस्ताचे प्रमाण मोठे असते. तीव्र आम्लात असा भाग अधिक वेळ राहिला तर त्यातील जस्त निघून जाते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र, ठिसूळ सांगाडा उरतो. आकार तोच राहतो, बळ मात्र राहत नाही. सफाईनंतर पंख्यावर गुलाबी-तांबूस छटा दिसली तर ती चकाकी समजून समाधान मानू नये. जस्त निघून गेल्याचे ते लक्षण असू शकते. असा पंखा जाणकार कारागिराकडून तपासून घेतल्याखेरीज बसवू नये, कारण पाते तुटते ते बंदरात नव्हे, भर समुद्रात.

दांडा पुष्कळदा स्टेनलेस स्टीलचा असतो. हा धातू गंजत नाही या लौकिकामुळे त्यावर काहीही ओतले तरी चालते असा समज आहे. वस्तुतः हायड्रोक्लोरिक आम्लातील क्लोराइड त्याच्या पृष्ठभागावरील संरक्षक पापुद्रा भेदते व बारीक, खोल खड्डे पाडते. अशा खड्ड्यांतून पुढे तडा सुरू होतो. स्टेनलेस स्टीलला हे आम्ल वर्ज्यच मानावे.

नांगर, साखळ्या व खिळे यांना जस्ताचा मुलामा असेल तर आम्ल प्रथम तोच खाऊन टाकते, आणि ज्या गंजापासून सुटका हवी होती त्याला मोकळे रान मिळते. ॲल्युमिनियमच्या भागांना तीव्र आम्ल आणि कॉस्टिक सोडा दोन्ही मारक आहेत. कठीण केलेल्या पोलादाचे बोल्ट व स्प्रिंग आम्लात बुडविल्यास त्यांत हायड्रोजन शोषला जाऊन ते ठिसूळ बनतात. अशा वस्तू धुतल्या त्या दिवशी धडधाकट दिसतात आणि पुढे ताण पडला की अचानक तुटतात.

पंख्याजवळ बसविलेल्या जस्ताच्या वड्यांविषयी स्वतंत्रपणे सांगावयास हवे. या वड्या मुद्दाम झिजण्यासाठीच असतात. समुद्राचे पाणी पंखा, दांडा व पोलाद यांना खाण्याऐवजी प्रथम जस्ताला खाते. त्या खडबडीत, पांढुरक्या दिसतात म्हणून आम्लाने ‘स्वच्छ’ केल्या तर पुढील हंगामाचे संरक्षण काही मिनिटांत वाहून जाते. सफाईपूर्वी त्या काढून ठेवाव्यात, फक्त तारेच्या ब्रशाने घासाव्यात, फार झिजल्या असल्यास बदलाव्यात आणि त्यांवर रंग कधीही लावू नये.

सौम्य उपाय प्रथम

बरेचसे काम आम्लाविनाच होते. नौका पाण्याबाहेर आल्याबरोबर, कवचे ओली असतानाच, लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडल्यास मोठा भाग सुटून येतो. वाळल्यावर तीच कवचे दगडासारखी होतात. उरलेल्या चुनखडीच्या चकत्यांसाठी सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबाचे फूल, वापरावे. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम घेतले की सुमारे पाच टक्क्यांचे द्रावण होते. फडके या द्रावणात भिजवून भागावर गुंडाळावे, अधूनमधून पाहावे, कवच मऊ पडले की ब्रशाने काढावे. तीव्र आम्लाला दहा मिनिटे लागतात तेथे याला काही तास लागतील, परंतु दोन महिन्यांच्या बंदीत काही तासांची टंचाई नसते. पोलादावरील गंजासाठी फॉस्फोरिक आम्लाचे तयार द्रावण अधिक बरे, कारण ते गंज काढताना लोखंडावर फॉस्फेटचा पातळ थर ठेवते व रंग त्यावर चांगला धरतो.

काही तयार गंजनाशकांत आणि ॲल्युमिनियम उजळविणाऱ्या द्रवांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते त्वचेतून आत शिरून हाडापर्यंत इजा करते, वेदना कित्येकदा तासाभराने सुरू होतात आणि केवळ पाण्याने धुणे त्यावर पुरेसा उपचार ठरत नाही. डब्यावर हे नाव आढळल्यास ते द्रव्य बंदरावर वापरूच नये.

इंजिनाच्या थंडावा नळ्यांत साठणारा चुना हाताने काढता येत नाही, म्हणून तेथे सौम्य आम्ल फिरविणे भाग पडते. त्यापूर्वी आतील जस्ताच्या कांड्या आणि पाण्याच्या पंपातील रबरी चक्र काढून घ्यावे, वायू बाहेर पडण्यास वाट ठेवावी आणि धातूचे रक्षण करणारे द्रव्य मिसळलेलेच द्रावण वापरावे. हे काम इंजिनाच्या माहितगार मिस्त्रीवर सोपविणे इष्ट.

तीव्र आम्ल वापरावेच लागले तर

बिडाच्या किंवा साध्या पोलादाच्या एखाद्या भागासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यावयाचे झाल्यास ते दहापट पाण्यात मिसळावे. मिसळताना पाणी आधी घ्यावे आणि आम्ल त्यात सावकाश सोडावे. उलट केल्यास उष्णतेने द्रव उसळून अंगावर येतो. बॅटरीच्या गंधकाम्लाच्या बाबतीत तर ही चूक भयंकर ठरते. भांडे प्लॅस्टिकचे असावे. जस्ताच्या मुलाम्याची बादली किंवा ॲल्युमिनियमचे पातेले आम्लाशी संयोग पावून हायड्रोजन सोडते, आणि हवेत या वायूचे प्रमाण चार टक्के झाले तरी तो ठिणगीने पेट घेतो. जवळ बिडी ओढणाऱ्याला याची कल्पना नसते.

काम मोकळ्या हवेत, वाऱ्याची दिशा पाहून करावे. इंजिनखोलीत किंवा माशांच्या कप्प्यात उतरून आम्ल वापरणे म्हणजे स्वतःला कोंडून घेणे होय. डोळ्यांना सर्व बाजूंनी बंद असणारा चष्मा, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, गमबूट आणि विजार बुटाच्या बाहेर सोडलेली, एवढी तयारी असावी. नाकाला बांधलेला रुमाल आम्लाची वाफ अडवीत नाही. सफाईनंतर भाग गोड्या पाण्याने पुनःपुन्हा धुवावा, धुण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्यातून काढावा, कोरडा करावा आणि पोलाद असल्यास त्याच दिवशी रंगाचा पहिला हात द्यावा. आम्लाने उघडे पडलेले लोखंड दमट हवेत काही तासांतच पुन्हा तांबूस होते.

ब्लीचिंग पावडर आणि आम्ल यांची गाठ कदापि पडू देऊ नये. ग्रामपंचायतीत विहिरींसाठी टीसीएल पावडर साठविलेली असते, आणि मासळी बाजाराचे ओटे धुण्यासही तीच वापरतात. तीवर आम्ल सांडल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. एकाच खोलीत दोन्ही ठेवण्याची पद्धत जेथे असेल तेथे ती आजच मोडावी. साठवणीचा आणखी एक घातक प्रकार म्हणजे थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत उरलेले आम्ल भरून ठेवणे. घरातील मुलाला बाटलीतील द्रव पाण्यासारखाच दिसतो.

आम्ल अंगावर उडाल्यास कपडे काढून तो भाग लगेच वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटे धरावा. डोळ्यात गेल्यास पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ धुवावे व नंतर रुग्णालय गाठावे. रुग्णालयाकडे धावण्याच्या घाईत धुणे टाळले तर वाटेतच डोळा जातो. हळद, तेल, तूप, दंतमंजन यांतील काहीही लावू नये. सोडा सांडलेल्या आम्लावर टाकावा, जखमेवर नव्हे. आम्ल पोटात गेले असल्यास उलटी करवू नये, कारण परतणारे आम्ल अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. ज्या धक्क्यावर अशी कामे चालतात तेथे नळ नसेल तर गोड्या पाण्याचे भरलेले पिंप व एक मग जवळ असल्याखेरीज आम्लाचा डबा उघडू देऊ नये. हा नियम ग्रामपंचायत व मच्छीमार सहकारी संस्था मिळून सहज लागू करू शकतात, आणि त्याला खर्चही जवळजवळ नाही.

विक्रीवरही बंधन आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार आम्लाच्या किरकोळ विक्रेत्याने खरेदीदाराचा तपशील व विकलेले प्रमाण नोंदवहीत लिहावयाचे असते, पत्ता असलेले शासकीय छायाचित्र-ओळखपत्र पाहावयाचे असते आणि खरेदीचे कारण विचारावयाचे असते. १८ वर्षांखालील व्यक्तीस आम्ल विकता येत नाही. साठा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे घोषित न केल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सायकलवरून डबे विकणारा फेरीवाला यांतील काहीच करीत नाही. तांडेलाने खलाशाच्या पोराला आम्ल आणावयास पिटाळणेही या निर्देशांच्या विरुद्ध आहे.

वापरलेल्या द्रावणाचा प्रश्न सर्वांत शेवटी येतो आणि बहुधा खाडीत ओतून सोडविला जातो. या द्रावणात आम्लाबरोबर पंख्यातून सुटलेले तांबे व जस्तही असते. कालवे, तिसऱ्या यांच्या पिल्लांना तांबे अत्यल्प प्रमाणातही घातक ठरते, आणि ओहोटीच्या वेळी याच खाडीत उतरून तिसऱ्या गोळा करणाऱ्या स्त्रिया पुष्कळदा त्याच नौकावाल्यांच्या घरच्या असतात. द्रावण प्लॅस्टिकच्या पिंपात घेऊन त्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा घालावा. फसफस थांबल्यावरही थोडा सोडा अधिक घातला की तांबे निळसर-हिरव्या गाळाच्या रूपाने बरेचसे तळाशी बसते. पिंप झाकून ठेवावे आणि बंदरावरील अशी सर्व पिंपे संस्थेने एकत्र करून, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्थानिक कार्यालयाच्या सल्ल्याने त्यांची विल्हेवाट लावावी.