चार चाकांची ओढ आणि हिमाचा उतार

हिमाचल प्रदेशात मनालीहून लाहौलकडे जाणारा रस्ता सोलंग खोरे ओलांडून अटल बोगद्याच्या दक्षिण मुखाशी पोहोचतो, तेव्हा त्याने समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरांहून अधिक उंची गाठलेली असते. ९.०२ किलोमीटर लांबीचा हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला आणि रोहतांगची ३,९७८ मीटर उंचीची खिंड न चढता हिवाळ्यातही पलीकडे जाण्याची सोय झाली. ताजे हिम पडले म्हणजे या रस्त्यावर पुष्कळदा केवळ चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या गाड्या, किंवा चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्या, पुढे सोडल्या जातात. यावरून प्रवासी सहजच असे अनुमान काढतात की, अशी गाडी हिमावर सुरक्षित असते. हे अनुमान निम्मेच खरे आहे. आणि उरलेले निम्मे न समजल्यामुळेच गाड्या दरीच्या कडेला घसरत जातात. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि बोगदा यांच्या दरम्यान शेकडो वाहने हिमात अडकून पडली होती.

मोटारगाडी पुढे जाते ती एंजिनाच्या जोरावर, असे आपण म्हणतो. वस्तुतः एंजिन केवळ चाक फिरविते. गाडीला पुढे ढकलतो तो रस्ताच, टायर आणि पृष्ठभाग यांमधील घर्षणाच्या द्वारे. चाकावर जेवढा भार असेल त्याच्या ठराविक प्रमाणातच हे घर्षण मिळू शकते. त्या प्रमाणाला घर्षणांक म्हणतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो सुमारे ०.७ असतो. दाबून घट्ट झालेल्या हिमावर तो ०.२ च्या आसपास येतो आणि गुळगुळीत बर्फावर ०.१ किंवा त्याहूनही खाली उतरतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवरून चालताना ज्याचा पाय सटकला असेल, त्याला या आकड्यांचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

बर्फ इतका निसरडा का असावा? गाडीच्या किंवा माणसाच्या दाबाने तो वितळतो, हे जुने स्पष्टीकरण अपुरे ठरले आहे. बर्फाच्या पृष्ठावर पाण्यासारखा एक पातळ थर असावा, ही कल्पना मायकेल फॅरडे याने १८५० साली मांडली होती. पुढे १९३९ मध्ये बाउडेन आणि ह्यूझ यांनी घासण्याने उत्पन्न होणाऱ्या उष्णतेचा वाटा प्रयोगांनी दाखवून दिला. चालकाच्या दृष्टीने यातून निघणारा निष्कर्ष थोडा अनपेक्षित आहे. कडाक्याच्या थंडीतला बर्फ त्यातल्या त्यात बरा. शून्य अंशाच्या जवळपासचा, वरून ओलसर झालेला बर्फ सर्वांत घातक. दुपारच्या उन्हात पाझरलेले आणि सूर्यास्तानंतर पुन्हा गोठू लागलेले पाणी परतीच्या प्रवाशाला नेमके हेच पृष्ठ देते.

आता चार चाकांच्या ओढीकडे वळू. सामान्य लहान गाडीत एंजिनाची शक्ती फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. त्यांवर गाडीच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भाग असतो. चढावर तो थोडा मागे सरकतो. घर्षणांक ०.२ असेल तर अशी गाडी साधारणपणे नवास एक एवढाच चढ चढू शकते, म्हणजे नऊ मीटर पुढे जाताना एक मीटर वर. चारही चाके ओढू लागली म्हणजे गाडीचे सर्व वजन कामी येते आणि तीच मर्यादा पाचास एक होते. हा लाभ मोठा आहे. भारतीय सैन्याने १९८५ साली बाजारात आलेली जिप्सी पहाडी मुलुखात वर्षानुवर्षे वापरली, किंवा २०२३ मध्ये भारतात विक्रीस आलेली, सुमारे बाराशे किलोग्रॅम वजनाची जिम्नी हिमातून वाट काढते, त्याचे मुख्य कारण हेच.

परंतु थांबण्याचे काय? ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतातच. तेव्हा या बाबतीत चार चाकांच्या ओढीची गाडी आणि साधी गाडी यांत काडीचा फरक नाही. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर, हा तसा माफक वेग. या वेगाने जाणारी गाडी ब्रेक लावल्यावर कोरड्या सपाट रस्त्यावर सुमारे ७ मीटरांत थांबते, घट्ट हिमावर २५ मीटरांत, तर बर्फावर ५० मीटरांत. गाडी जड असो वा हलकी, गणितातून वजन निघून जाते. म्हणून 'जड गाडी हिमावर अधिक चिकटते' ही समजूतही ब्रेकपुरती निराधार आहे.

उतारावर स्थिती आणखी बिकट होते. दहास एक उतारावर घर्षणाचा अर्धा भाग गाडीला नुसते खाली ओढले जाण्यापासून रोखण्यातच संपतो. उरलेल्या अर्ध्यात वेग कमी करायचा. हिमावर तेथे २५ ऐवजी ५० मीटर लागतात. आणि उतार पाचास एक झाला की शिल्लक शून्य! ज्या चढावर साध्या गाडीने केव्हाच हार मानली असती, त्या चढावर चार चाकांची गाडी चालकाला अल्लद नेऊन सोडते आणि तेथून उतरताना त्याला थांबविण्याचे सामर्थ्य मात्र तिच्यात नसते. साध्या गाडीचे अडकणे हा एका परीने इशाराच असतो. तो इशारा या गाडीत उशिरा मिळतो.

वळणाचाही हिशेब याच थैलीतून होतो. टायरपाशी घर्षणाचा रुपया एकच असतो. तो वळण्यात खर्च झाला तर ब्रेकसाठी काही उरत नाही. म्हणून वेग वळणापूर्वी, गाडी सरळ असतानाच कमी करावयाचा. उतरताना खालच्या गिअरमध्ये एंजिनाचा रोध चारही चाकांवर सारखा वाटला जातो आणि एखादे चाक एकाएकी जखडण्याचा धोका कमी होतो. हा या रचनेचा खरा आणि दुर्लक्षित गुण होय. गाडी घसरू लागलीच तर ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढावा आणि जिकडे जायचे तिकडे दृष्टी ठेवून स्टिअरिंग शांतपणे फिरवावे. पुढची चाके सरळच घसरत असतील तर ते अधिक पिळण्याऐवजी किंचित सैल सोडावे.

जिम्नीसारख्या गाडीत चार चाकांची ओढ लिव्हरने जोडावी लागते आणि ती जोडली म्हणजे पुढचा व मागचा दांडा एकमेकांना पक्के बांधले जातात. वळताना पुढच्या चाकांना मागच्या चाकांपेक्षा अधिक अंतर तोडावे लागते. हिमावर हा फरक थोड्या घसरणीत जिरून जातो. कोरड्या रस्त्यावर तो जिरत नाही आणि दंतचक्रांवर ताण चढत जातो. बोगद्यातील कोरड्या रस्त्यावर शिरताच ही ओढ सोडविणे म्हणूनच इष्ट. ती पुन्हा जोडावयाची ती पलीकडच्या मुखाबाहेरील बर्फावर आदळण्यापूर्वी, बाहेर पडून घसरल्यानंतर नव्हे.

थांबणे आणि वळणे ज्याने खरोखर सुधारते ती वस्तू अगदीच साधी आहे: टायर. नेहमीच्या टायरचे रबर सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्यावरील बारीक चिरा हिमाला धरून ठेवतात. हिमाला हिमच अधिक चांगले चिकटते, हे गोळे करून खेळणारी मुलेही जाणतात. तीन शिखरे आणि हिमस्फटिक यांचे चिन्ह अशा टायरवर असते. बर्फावर साखळ्याच हव्यात. साखळ्या कोणत्या चाकांना बांधाव्यात हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते, आणि त्या बांधण्याचा सराव सपाट जागी, उजेडी करून ठेवावा. घाटात बोटे बधिर झाल्यावर तो जमत नाही.

एवढे करूनही गाडी अडकू शकते. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे हिमवादळात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. उबेसाठी एंजिन चालू ठेवले आणि मागची धूरनळी हिमाने बुजली, तर कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू गाडीत शिरतो आणि झोपलेल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही. म्हणून गाडीत एक फावडे असावे. एंजिन थोडा वेळ चालवून बंद करावे, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी आणि एंजिन पुन्हा सुरू करण्यापूर्वी दर वेळी खाली उतरून धूरनळीभोवतीचे हिम बाजूला करावे.