ट्रॉम्बेची भट्टी, तारापूरचं इंधन

 स्फोटकं काय करू शकतात, हे भंडारा जिल्ह्याला कुणी सांगायला नको. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि कामगार प्राणाला मुकले. अणुस्फोटाचं माप मात्र वेगळंच: भारताच्या १८ मे १९७४ च्या पोखरण अणुचाचणीची ताकद सरकारी आकड्यानुसार १२ किलोटन होती. म्हणजे एका क्षणात १२ हजार टन टीएनटी.

त्यासाठीचं प्लुटोनियम आलं मुंबईच्या ट्रॉम्बेहून. तिथली ‘सायरस’ अणुभट्टी कॅनडाने दिलेली, तिचं जड पाणी अमेरिकेचं, आणि अट एवढीच की वापर शांततेसाठी व्हावा. १९६० साली ती सुरू झाली. भट्टी चालते तेव्हा युरेनियमचा काही भाग न्यूट्रॉन शोषून प्लुटोनियम होतो. वापरलेलं इंधन आम्लात विरघळवून ते वेगळं काढता येतं. त्याचा कारखानाही १९६४ मध्ये ट्रॉम्बेतच उभा राहिला. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला चीनने पहिली अणुचाचणी केली. अण्वस्त्रप्रसाराचं मूळ दुखणं भट्टी आणि कारखान्याच्या या जोडीतच आहे. वीज आणि बॉम्ब बराच पल्ला एकाच वाटेने जातात, आणि कोण कुठे वळणार हे करारातल्या एका कलमाच्या भरवशावर सोडलेलं असतं. भारताने चाचणीला ‘शांततामय’ म्हटलं. कॅनडाला ते पटलं नाही; त्याने मदत थांबवली.

झळ बसली ती तारापूरला. १९६९ पासून वीज देणाऱ्या या केंद्राचा बॉम्बशी संबंध नव्हता. तरी १९७८ च्या अमेरिकी कायद्यामुळे त्याचं इंधन अडलं आणि पुढे ते फ्रान्सकडून आणावं लागलं. लंडनमध्ये १९७५ साली जमलेल्या पुरवठादार देशांच्या गटाने व्यापाराचे नियम आवळले; त्यातून भारताला सूट मिळायला सप्टेंबर २००८ उजाडलं.

नियमांनी बॉम्ब मात्र अडले नाहीत. मे १९९८ मध्ये भारत आणि पाकिस्तान दोघांनीही चाचण्या केल्या आणि पुढच्याच वर्षी कारगिल घडलं. अण्वस्त्रं असली की युद्ध होत नाही, हा युक्तिवाद मला तिथे कोसळलेला दिसतो. युद्ध पसरलं नाही, हेही खरं.

आधार वाटतो तो एका साध्या कागदाचा. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार दोन्ही देशांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला या केंद्रांच्या याद्यांची देवाणघेवाण होते. कारगिलनंतरही ती थांबली नाही. चीनशी आपला असा करार नाही, आणि त्यासाठी बोलणी व्हावीत असं मला मनापासून वाटतं.