उद्याच्या निवडी आणि आजचा खेळाडू

२७ जून २०१३ च्या रात्री न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेचा ड्राफ्ट, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचा वार्षिक कार्यक्रम, चालू होता. त्याच रात्री ब्रुकलिन नेट्स या संघाने बॉस्टन सेल्टिक्सशी मोठा सौदा ठरवल्याची बातमी आली. नेट्सना मिळणार होते केविन गार्नेट (वय ३७) आणि पॉल पिअर्स (वय ३५) हे दोन गाजलेले खेळाडू. बदल्यात त्यांनी काही खेळाडू दिले आणि २०१४, २०१६ व २०१८ या वर्षांतले आपले पहिल्या फेरीतील निवडीचे हक्कही दिले. शिवाय २०१७ मध्ये बॉस्टनला वाटल्यास दोघांचे क्रमांक बदलून घेण्याची मुभा दिली. यातला शेवटचा हक्क वापरला जाईल तेव्हा गार्नेट ४२ वर्षांचा असणार, हे त्या रात्रीही बोटांवर मोजता येत होते!

मग हा शुद्ध वेडेपणा होता काय? आम्हाला तसे वाटत नाही. प्रश्न संभाव्यतेचा आहे, आणि अकरावी-बारावीच्या गणिताने तो बराचसा उलगडतो.

आधी ड्राफ्ट समजावून घेऊ. एनबीएमध्ये ३० संघ आहेत. नव्या खेळाडूला कोणत्या संघात जायचे ते स्वतः ठरवता येत नाही. संघ क्रमाने खेळाडू निवडतात, आणि मागच्या हंगामात जे हरले त्यांचा क्रमांक आधी लागतो. मात्र मुद्दाम हरून कोणी पहिला क्रमांक पटकावू नये म्हणून बाद फेरी न गाठलेल्या १४ संघांत सोडत काढतात. एका यंत्रात १ ते १४ क्रमांकांचे चेंडू फिरवून त्यातले चार बाहेर काढले जातात. चौदातून चार निवडण्याचे प्रकार १००१. त्यातला एक प्रकार बाद धरतात आणि उरलेले १००० संघांना वाटून देतात. सर्वांत दुबळ्या संघाला पूर्वी यातले २५० मिळत. २०१९ च्या सोडतीपासून तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी १४० देण्याचा नियम आला. (वर्गात १४ चिठ्ठ्यांनी हा प्रयोग अवश्य करावा. १००१ ही संख्या इतकी सोयीची कशी निघाली, हे मुलांनाच शोधू द्यावे.)

पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पगार सुरुवातीच्या वर्षांसाठी ठरावीक श्रेणीत बांधलेला असतो. संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा असल्यामुळे स्वस्तात मिळालेला गुणी तरुण हा मोठाच ठेवा ठरतो. म्हणून निवडीच्या हक्काला किंमत आहे, आणि म्हणूनच तो विकता येतो.

आता दुसरी बाजू. बास्केटबॉलमध्ये मैदानात एका संघाचे पाचच जण असतात. त्यामुळे एका असामान्य खेळाडूने जेवढा फरक पडतो तेवढा अकरा जणांच्या खेळात पडणे कठीण. पण ‘फरक’ म्हणजे किती? समजा, बाद फेरीतल्या कोणत्याही प्रतिस्पर्ध्याविरुद्ध एक सामना जिंकण्याची आपल्या संघाची संभाव्यता ०.५५ आहे. सातपैकी चार सामने जिंकायची मालिका असेल तर ती जिंकण्याची संभाव्यता ०.६१ येते. विजेतेपदासाठी अशा चार मालिका ओळीने जिंकाव्या लागतात. म्हणजे संभाव्यता सुमारे ०.१४. आता नामवंत खेळाडू आल्याने ०.५५ चे ०.६० झाले असे धरू. मालिकेची संभाव्यता ०.७१ आणि विजेतेपदाची ०.२५. पाच शतांशांच्या सुधारणेने ११ शतांशांची कमाई!

हाच खेळाडू सामान्य संघात गेला आणि ०.४५ चे ०.५० झाले तर? विजेतेपदाची संभाव्यता ०.०२ वरून ०.०६ वर जाते. सुधारणा तेवढीच, पण फळ जेमतेम एक तृतीयांश. (सर्व प्रतिस्पर्धी सारखे आणि सामने परस्परांपासून स्वतंत्र, ही आमची सोय आहे, प्रत्यक्षात तसे नसते. पण वक्राचा आकार यातून दिसतो.) म्हणून ‘भविष्यातले हक्क विकावेत का’ याचे उत्तर खेळाडू किती मोठा आहे यापेक्षा तो येण्यापूर्वी आपण कुठे उभे आहोत, यावर अधिक अवलंबून असते. मिलवॉकी बक्स हा संघ २०१९-२० मध्ये साखळी सामन्यांत अव्वल होता. त्याने २०२० मध्ये जू हॉलिडेसाठी पहिल्या फेरीचे तीन हक्क आणि दोन अदलाबदली मोजल्या आणि २०२१ मध्ये विजेतेपद मिळवले. एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही हे खरे, पण हिशेब योग्य बाजूचा होता.

नेट्सही २०१२-१३ मध्ये ४९ सामने जिंकलेला, बरा म्हणावा असा संघ होता. चूक झाली ती हक्काची किंमत धरण्यात, असे आमचे मत आहे. विकताना प्रत्येकाला वाटते, ‘आपण तर वरच राहणार, मग आपला क्रमांक पंचविसाच्या पुढेच येणार, जाऊ दे.’ पण हक्काची किंमत संघाच्या यशाच्या उलट दिशेने चालते. संघ जिंकत राहिला तर विकलेला हक्क कवडीमोल असतो आणि संघ कोसळला तर तोच हक्क सोन्याचा होतो. विम्यात संकट आले की पैसे मिळतात. इथे संकट आले की द्यावे लागतात. त्यात तीस-पस्तिशी ओलांडलेले खेळाडू आणणे म्हणजे संघ नेमका हक्क फेडण्याच्या वर्षांत कोसळेल अशी स्वतःच व्यवस्था करणे.

तसेच झाले. पहिल्या वर्षी नेट्स दुसऱ्या फेरीत हरले. २०१४ मध्ये पिअर्स गेला, २०१५ मध्ये गार्नेट. २०१५-१६ मध्ये नेट्सनी २१ सामने जिंकले, पुढच्या वर्षी २० आणि सर्वांत तळ गाठला. एरवी तळाच्या संघाला निदान सोडतीची आशा असते. यांना तीही नव्हती. २०१६ च्या त्यांच्या तिसऱ्या क्रमांकावर बॉस्टनने जेलेन ब्राउनला घेतले. २०१७ मध्ये पहिलाच क्रमांक निघाला. तो बॉस्टनने फिलाडेल्फियाला देऊन तिसरा क्रमांक आणि आणखी एक हक्क घेतला आणि जेसन टेटमला निवडले. याच दोघांच्या बळावर बॉस्टन २०२४ मध्ये विजेते झाले.

अशा उधळपट्टीवर संघटनेने फार पूर्वीच एक बंधन घातले आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी आपल्या संघाचे हक्क भराभर वाटून टाकले. तेव्हापासून पुढच्या लागोपाठच्या दोन वर्षांतले पहिल्या फेरीचे हक्क सोडता येत नाहीत. नेट्सच्या सौद्यात २०१४, २०१६, २०१८ अशी एकाआड एक वर्षे आणि मध्ये ‘अदलाबदल’ का, ते आता लक्षात येईल. नियमाच्या फटीतून काढलेली ती वाट आहे.

मग शहाणी माणसे असे का करतात? अर्थशास्त्रज्ञ केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टचा अभ्यास केला, तेव्हा संघ पुढच्या वर्षीच्या निवडीला आजच्या मानाने इतकी कमी किंमत देताना आढळले की त्यात दडलेला व्याजदर वर्षाला शंभर टक्क्यांहून अधिक निघाला. सावकारही लाजेल! पण सौदा करणारा व्यवस्थापक दोन वर्षांत निकाल दाखवू शकला नाही तर त्याची नोकरी जाते, आणि पाचव्या वर्षीचा खड्डा दुसऱ्याच कोणाच्या वाट्याला येतो. त्याच्या दृष्टीने हा व्याजदर मुळीच अवाजवी नाही. प्रेक्षकांनीही त्याला फार दोष देऊ नये. हवा असलेला खेळाडू आला नाही म्हणून ओरडणारे बहुधा तेच असतात.

२०१९ मध्ये लॉस एंजेलिस क्लिपर्सनी पॉल जॉर्जसाठी ओक्लाहोमा सिटीला तरुण शे गिल्जस-अलेक्झांडर, पहिल्या फेरीचे पाच हक्क आणि दोन अदलाबदली दिल्या. जॉर्ज आला तरच क्वाय लेनर्डही येणार होता, म्हणजे एका किमतीत दोघे. तेव्हा सौदा वाटतो तितका महाग नव्हता. क्लिपर्सना विजेतेपद मात्र मिळाले नाही, आणि २०२४ मध्ये जॉर्ज निघून गेला. २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटी विजेते झाले. गिल्जस-अलेक्झांडर त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच्या जोडीला जेलन विल्यम्स होता, तो याच सौद्यातल्या २०२२ च्या हक्काने मिळालेला. सौद्यातला शेवटचा हक्क २०२६ चा होता. ड्राफ्टमध्ये येणारी मुले एकोणीस वर्षांची असू शकतात. म्हणजे सौदा झाला तेव्हा त्यांतली काही सहावी-सातवीच्या वर्गात बसलेली होती.